दोनशे चाळीस

भोसरीत, टी ब्लॉकच्या मागे, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर
मी बसते.
खाली दीडशे टनांचा प्रेस पडतो
आणि माझ्या टेबलावरचा चहा
दर वेळी थोडा दचकतो.

माझं काम दिवस मोजायचं.
घोडेस्वार बळीराम, एकशे बारा.
मणियार दस्तगीर, एकशे नव्वद.
वाघमोडे सुशीला, पॅकिंग, दोनशे अठ्ठावीस.
दोनशे तिसाला ओळ आपोआप पिवळी होते.
पिवळी झाली की फोन करायचा :
उद्यापासून ब्रेक आहे, गेटवर कार्ड जमा करा.
बूटही.

"बूटही" म्हणताना मी खिडकीबाहेर बघते.

कायद्यात कुठेशी दोनशे चाळीस लिहिलेत.
तेवढे सलग भरले की माणसाला
सहजासहजी हाकलता येत नाही.
म्हणून आमचे गराडे साहेब
दूध उतू जायच्या आत गॅस बंद करतात.
बारा दिवसांनी तोच माणूस, तोच प्रेस, नवा नंबर.
साहेबांच्या तीन एजन्सी आहेत :
एक स्वतःची, एक मेव्हण्याची,
एक सासूबाईंच्या नावावर,
ज्या तळेगावला अंथरुणाला खिळून आहेत
आणि दोनशे दहा कामगारांच्या मालकीण आहेत.

खाली जे बनतं ते
गाडीतला सीटबेल्ट जिथं अडकतो तो लोखंडी तुकडा.
म्हणजे गाडी आदळली तरी
आतला माणूस आतच राहावा.

गोरोबा धुळगंडे, दिवस दोनशे तिसरा, रात्रपाळी.
ताशी चारशे नग हवे होते.
हात आत दिसला की प्रेस थांबवणारा डोळा
तारेनं बांधून आंधळा केलेला होता.
कुणी बांधला ते सगळ्यांना माहीत होतं,
म्हणून कुणालाच माहीत नव्हतं.
डाव्या हाताची दोन बोटं.
साच्यातला नग मात्र चांगला निघाला,
पुसून पेटीत गेला.

अपघाताच्या फॉर्मवर, कारणाच्या रकान्यात
"कामगाराचा निष्काळजीपणा" आधीच छापलेलं असतं.
मला फक्त नाव टाकायचं होतं.
टाकलं. लपवण्यात अर्थ नाही.

परवा तो जिना चढून वर आला.
बोटांबद्दल एक शब्द नाही.
म्हणाला, मॅडम,
दवाखान्यातले दिवस धरतात का?

रात्री मोशीच्या बसमध्ये उभ्या उभ्या
मोबाईलवर शोधलं. बोजड मराठी, तीनदा वाचलं.
कामावर जखमी झालेल्याची गैरहजेरी
हजेरीच धरावी.
सदतीस दिवस होता तो,
आधी चिंचवडच्या दवाखान्यात, मग खोलीवर भिंतीकडे तोंड करून.
दोनशे तीन अधिक सदतीस.
शाळेत माझं गणित कच्चं होतं,
तरी उत्तर तोंडातून मोठ्यानं निघालं.
शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढली.

सकाळी, साहेब यायच्या आधी,
सदतीस चौकोनांत
हजर, हजर, हजर.
ओळ पिवळी झाली, आणि शेवटच्या चौकोनाला
पुन्हा पांढरी.
दोनशे चाळिसाला कुठला रंग द्यायचा
हे त्या शीटला कुणी शिकवलंच नव्हतं.
मी प्रिंट काढली, शिक्का मारला,
खाली जाऊन त्याच्यापुढे धरली.
त्यानं घडी डाव्या हातानंच घेतली,
मुद्दाम,
उरलेल्या तिघांत.

पुढचं मला सांगता येत नाही.
कोर्टाची तारीख पुढच्या वर्षी पडेल,
खोलीचं भाडं दर पाच तारखेला पडतं.
आणि माझंही नाव कुठल्या तरी शीटमध्ये असणारच.
चिंचवडच्या ऑफिसात एक मुलगी आहे,
मी तिला पाहिलेलं नाही,
फोनवरचा आवाज तेवढा ओळखीचा आहे,
"बूटही" म्हणायच्या आधी ती जराशी थांबते.

काल मी बोटांवर मोजलं,
माझी दहाही शाबूत आहेत.
दोनशे सव्वीस.